वाचकांचे प्रश्न : सदाफुली, नरक्या आणि शुगरची गोळी

सीमाभागातून या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे : शुगर आणि कॅन्सर या दोन्हींवर चालतात असं सांगितली जाणारी झाडपाल्याची औषधं. सारखी पत्रं एकत्र केली आहेत, नावं छापलेली नाहीत. खाली दिलेल्या मात्रा मोठ्या माणसांच्या आहेत. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि मुलं यांना त्या लागू नाहीत.

आमच्या मामांना बरीच वर्षं शुगर आहे. ते रोज सकाळी अंगणातल्या सदाफुलीची चार पानं चावून खातात. सदाफुली कॅन्सरवरही चालते, म्हणजे एका झाडात दोन्ही कामं होतात, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का?
— वाचक, खानापूर

मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्यातच आहे.

सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यातून निघणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर आजही वापरात आहेत. लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात तर व्हिन्क्रिस्टिन असतंच. आणि हा शोध लागला तो शुगरच्याच वाटेनं. जमैकात या पानांचा चहा मधुमेहावर प्यायचे. १९५२ मध्ये तिथली पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला तर साखरेत फरक पडेना. टोचून दिला तर उंदीर जंतुसंसर्गानं मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी आणि अस्थिमज्जाच ढासळली होती. जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारतं ते बेसुमार वाढलेल्या पांढऱ्या पेशींवर चालेल, हा विचार तिथून पुढे आला, आणि १९५८ मध्ये नोबल व चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टिन जगापुढे मांडलं. शुगरसाठी तपासलेल्या पानानं शुगर उतरवली नाही. त्यातलं विष मात्र औषध ठरलं.

आता मामांच्या चार पानांचा हिशोब. वाळलेल्या पानात व्हिन्क्रिस्टिन साधारण ०.०००३ टक्के असतं, म्हणजे किलोमागे तीन मिलिग्रॅम. काढताना होणारी घट धरली तर एका ग्रॅमसाठी अर्धा टन वाळकी पानं लागतात. रुग्णाला हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १.४ मिलिग्रॅम या मापानं, एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या आत आणि फक्त शिरेतून देतात. चार पानं वाळवली तर अर्धा ग्रॅमही भरणार नाहीत. कॅन्सरसाठी त्यात काहीच नाही.

मग बिघडतं काय? त्या पानात शंभराहून जास्त अल्कलॉइडं, म्हणजे झाडानं बनवलेली जोरकस द्रव्यं, आहेत आणि त्यांचं प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. चार पानांनी फरक दिसेना की लोक मूठभर पानांचा काढा करतात, काही जण मुळंही उकळतात. मुळांत रक्तदाब उतरवणारं अजमॅलिसिन आहे. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांना उठल्यावर चक्कर येऊ शकते. व्हिन्क्रिस्टिनच्या जातीच्या द्रव्यांचा ठरलेला त्रास म्हणजे हातापायांना मुंग्या आणि बद्धकोष्ठ. जुन्या शुगरमुळेही हेच होतं. त्यामुळे त्रास झाडाचा की रोगाचा, हे कोणाला कळणार नाही. मामांनी पानं बंद करावीत, गोळी चालू ठेवावी आणि पुढच्या तपासणीत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून पांढऱ्या पेशी बघून घ्याव्यात. झाड अंगणात राहू दे. शेळ्या-गुरांना मात्र त्याच्यापासून लांब ठेवा.

आमच्या बाजूच्या रानात नरक्या आहे. त्याच्या सालीत कॅन्सरचं औषध आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वडिलांना आतड्याचा कॅन्सर आहे. सालीचा काढा किती द्यावा?
— वाचक, जांबोटी

देऊ नका. थेंबभरही नको.

नरक्यात औषध आहे हे बरोबर. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य मन्सुख वाणी आणि मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच आपल्या नरक्यात दाखवून दिलं, आणि ते त्या चिनी झाडाहूनही भरघोस निघालं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली, चंदगड या पट्ट्यातल्या नरक्यावर कुऱ्हाड पडली ती त्यानंतर. फुलांना घाण वास, म्हणून मराठीत नरक्या. कन्नडातलं नावही वासावरूनच आहे.

पण हे द्रव्य जसंच्या तसं माणसांना देऊन झालं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि थांबवाव्या लागल्या. पेशी घसरल्या, जुलाब आवरेनात, मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची घडण बदलून टोपोटेकन आणि इरिनोटेकन तयार केली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. यातलं इरिनोटेकन आतड्याच्याच कॅन्सरवर वापरतात. तेव्हा नरक्यातून जे मिळण्यासारखं आहे, ते वडिलांना सुधारलेल्या रूपात सलाईनमधून मिळू शकतं. त्यांच्या केमोत ते आहे का, नसेल तर का नाही, हे ऑन्कॉलॉजिस्टना सरळ विचारा. इरिनोटेकन चालू असताना घरी सालीचा काढा दिला, तर एकाच जातीच्या विषाचे दोन डोस होतात, आणि त्यातला एक कोणी मोजलेला नसतो. इरिनोटेकननं स्वतःच जोराचे जुलाब लागतात. त्यासाठी लोपेरामाइड कधी व किती घ्यायचं हे दवाखान्यातून लिहून घेऊन ती गोळी घरात ठेवावी लागते. दिवसभर जुलाब थांबले नाहीत किंवा ताप आला तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा.

सालीत हे द्रव्य किती हे झाडाच्या वयावर आणि जागेवर ठरतं. चुलीवर उकळून त्याचं माप काढता येत नाही. शिवाय भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून कसलीही साल काढणं हा गुन्हा आहे, आणि हद्दीबाहेरच्या रानातही वनखात्याची परवानगी लागते. साल गोलाकार सोलली की झाड वाळतं, हे तुमच्या भागात कोणाला सांगायला नको.

मेथी आणि कारलं यांनी शुगर उतरते म्हणतात, पण नक्की किती आणि कसं घ्यायचं ते कोणी सांगत नाही. मी मेथीचं पाणी रोज पिते, फरक नाही.
— वाचक, चिकोडी

फरक नाही, कारण तुम्ही पाणी पिता आणि दाणे टाकता. मेथीचं काम मुख्यतः दाण्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंवर चालतं. दाणा पोटात फुगतो, बुळबुळीत होतो, आणि अन्नातली साखर आतड्यातून रक्तात हळूहळू उतरते. ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्लही त्यात आहे, ते इन्सुलिन सुटायला मदत करतं. पण घरगुती मात्रेत भरवसा तंतूंचाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मेथीवर बरंच काम केलं. तिथल्या मात्रा दिवसाला २५ ते ५० ग्रॅमच्या आहेत. एवढी मेथी रोज खाणं जड जातं. शुगर व्हायच्या काठावर असलेल्यांवर भारतातच झालेल्या तीन वर्षांच्या एका अभ्यासात रोज १० ग्रॅम मेथी दिली होती, आणि त्या गटात पुढे मधुमेह कमी जणांना झाला. १० ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण अडीच सपाट चमचे. सुरुवात ५ ग्रॅमनं करा. रात्री वाटीभर पाण्यात भिजत घाला, सकाळी दाणे चावून खा, पाणीही प्या. आठवडाभर पोट ठीक राहिलं तर रात्रीच्या जेवणाआधी आणखी ५ ग्रॅम वाढवा. कडू सोसत नसेल तर दाणे मंद भाजून दळा आणि ज्वारीच्या पिठात मिसळा. माणशी दोन भाकऱ्यांना चमचाभर पूड पुरते. त्याहून जास्त घातली तर भाकरी थापताना चिरते.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिल्याच दिवशी मूठभर मेथी खाल्ली की गॅस आणि जुलाब होतात, माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देतो. मेथी आणि गोळ्या एकदम घेतल्या तर तो बुळबुळीतपणा औषधही अडवतो. थायरॉइडची असो, बीपीची असो, गोळी आणि मेथी यांत दीड-दोन तास जाऊ द्या. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीचीही येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची मेथी नको.

कारल्याची गोष्ट वेगळी. त्यात साखर उतरवणारी द्रव्यं खरोखर आहेत, पण जोर कमी. थायलंडमध्ये नव्यानं निदान झालेल्या रुग्णांवर चार आठवड्यांची तुलना झाली. रोज २ ग्रॅम वाळलेलं कारलं घेतलेल्यांत थोडी घट दिसली, पण ती १ ग्रॅम मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीइतकी नव्हती. भाजी म्हणून आठवड्यातून तीन-चारदा खा. तेलात कुरकुरीत तळलेलं आणि गूळ घातलेलं कारलं यात धरू नका, कितीही चांगलं लागत असलं तरी. रस प्यायचाच तर ५० मिलिलिटरच्या वर नाही, आणि उपाशीपोटी शुगरच्या गोळीबरोबर तर नाहीच. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची गोळी चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर घरात नसेल तर तपासणीची वाट न बघता साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. लहान मुलांना आणि जी६पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना कारल्याचा रस देऊच नका.

आणखी एक, हल्ली जास्त दिसतं म्हणून : कारलं आणि दुधी यांचा एकत्र रस. दुधी कधीकधी कडू निघतो. त्यात कुकरबिटासिनं नावाची कडू विषारी द्रव्यं असतात, आणि अशा रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत; आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनं त्यावर इशाराही दिलेला आहे. एरवी कडू दुधी जिभेला कळतो. कारल्याबरोबर मिक्सरमध्ये गेला की कळायचा मार्गच बंद. दुधीचा तुकडा आधी चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या.

फरक पडला की नाही हे पंधरा दिवसांच्या आकड्यांवरून ठरवू नका. सुरुवातीला एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा. दरम्यान गोळी आणि जेवण तेच ठेवा, नाहीतर श्रेय कोणाचं ते कळणार नाही.

शहापूर भागात बऱ्याच घरी इन्सुलिनचं झाड लावलं आहे. रोज एक पान खाल्लं तर इंजेक्शन बंद करता येतं का?
— वाचक, बेळगाव

त्या झाडात इन्सुलिन नाही. असतं तरी उपयोग नव्हता. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. तोंडावाटे गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं, म्हणून तर ते टोचावं लागतं. झाड दक्षिण अमेरिकेतून आलेलं, पान आंबटसर, शोभेला चांगलं. उंदरांवर साखर उतरल्याचे प्रयोग आहेत, माणसांवरचा पुरावा तोकडा. टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, रुग्णानं पानाच्या भरवशावर इंजेक्शन बंद केलं तर दोन-तीन दिवसांत रक्तात आम्ल वाढून आयसीयूत जायची वेळ येते.

गुडमार, म्हणजे कन्नडातली मधुनाशिनी, याबद्दलही दोघांनी विचारलं आहे. पान चावल्यावर अर्धा ते एक तास गोड चव लागत नाही, कारण त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोडाच्या जागा अडवतात. गोड सुटत नाही अशांना याचा एवढा उपयोग खरा आहे : कुंद्याचं ताट समोर यायच्या आधी एक पान. साखर उतरवण्यासाठी मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासात रोज ४०० मिलिग्रॅम ठरावीक अर्क दिला होता, तोही गोळीच्या जोडीनं आणि दीड वर्षाहून जास्त. बाजारातली सुटी पूड म्हणजे तो अर्क नव्हे.

आईला शुगर आहे आणि आता स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो चालू आहे. शेजारच्या काकू गुळवेल, गव्हांकुराचा रस आणि हळद-मिरीच्या कॅप्सूल द्यायला सांगतात. केमोच्या दिवसांत शुगरही खूप वर जाते. काय करू?
— वाचक, संकेश्वर

आधी शुगर का वाढते ते बघू. केमोच्या आधी उलटी आणि रिअ‍ॅक्शन टाळण्यासाठी डेक्सामेथासोन देतात. हे स्टिरॉइड दुपारनंतर साखर चढवतं. सकाळची उपाशीपोटीची साखर १२० दिसते आणि घरातले निर्धास्त होतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजली तर ३०० निघते. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारी आणि रात्री जेवणानंतर मोजा, वहीत लिहा, पुढच्या वेळी वही डॉक्टरांपुढे ठेवा. त्या दिवसांपुरता इन्सुलिनचा डोस ते ठरवून देतात. उलट, तोंडाची चव जाऊन आई जेवत नसतील आणि ग्लिमेपिराइड पूर्ण चालू असेल, तर साखर खाली कोसळते. जेवण निम्म्यावर आलं की त्याच दिवशी फोन करून गोळीचं विचारा.

अशा वरखाली होणाऱ्या साखरेत आणखी एक साखर उतरवणारी वनस्पती घालणं म्हणजे हिशोबाची वही भिजवणं.

आता काकूंच्या तीन गोष्टी. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांत यकृताला सूज आल्याच्या केसेस प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण केमोची बरीच औषधं यकृतातूनच निचरतात, तेव्हा हा प्रयोग आईवर नको. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, मातीजवळून कापलेला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला असतात, आणि तेव्हा धुतलेल्या कच्च्या पाल्यातले जंतूही महागात पडतात. त्या काळात पालेभाजी शिजवूनच, फळ सोलूनच.

हळद स्वयंपाकात जेवढी पडते तेवढी राहू दे. कॅप्सूल नको. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास आणि आतड्यातून ते जेमतेम शोषलं जातं. रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं तरी रक्तात ते दोन मायक्रोमोलच्या आतच राहिलं; प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारायला बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी पट लागतं. ‘हळदीनं कॅन्सरच्या पेशी मेल्या’ या बातम्या त्या काचेच्या बशीतल्या असतात. मिरीतलं पायपरीन घातलं की शोषण वाढतं, ही गोष्ट बेंगळुरूच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयानं १९९८ मध्ये दाखवली. पण पायपरीन यकृतातली औषध निचरणारी यंत्रणाही अडवतं, आणि मग केमोचं औषध रक्तात वाढू शकतं. शिवाय २००२ मध्ये उंदरांवर आणि पेशींवर केलेल्या एका कामात कर्क्युमिननं स्तनाच्या कॅन्सरवरच्या काही केमो औषधांचा परिणाम कमी केला, डॉक्सोरुबिसिन त्यांतलंच. स्तनाच्या कॅन्सरला डॉक्सोरुबिसिन नेहमी देतात. एवढं कारण पुरेसं आहे.

ऑपरेशन ठरलं तर सगळे काढे, चूर्णं, कॅप्सूल किमान दोन आठवडे आधी बंद, आणि काय काय घेतलं ते भूलतज्ज्ञांना सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेलं औषध सगळ्यांत वाईट.

लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा कॅन्सरवर चालतो का, असं याच पत्रात खाली विचारलं आहे. नको. त्यात ॲनोनासिन आहे. ग्वादलूप बेटावर हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा, नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आजार जास्त दिसला. फळ एखाद्या वेळी खाल्लं तर हरकत नाही, मात्र शुगरमध्ये तेही बेतानंच.

बिवळ्याच्या लाकडाचा पेला घेतला आहे. रात्री पाणी भरून सकाळी पितो. हे तरी खरं ना?
— वाचक, हल्याळ

यादीतलं हे त्यातल्या त्यात बऱ्या पुराव्याचं. आयसीएमआरनं बिवळ्याची, म्हणजे विजयसाराची, चाचणी नव्यानं निदान झालेल्या ९७ रुग्णांवर केली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. बारा आठवड्यांत ६९ टक्क्यांची साखर आटोक्यात आली. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि आहाराचं पथ्य सगळ्यांनाच होतं. आणि दिला तो रोज २ ते ४ ग्रॅम अर्क, पेल्यातलं पाणी नव्हे. पेल्यात किती उतरतं हे लाकडाच्या वयावर आणि पेला किती जुना यावर आहे.

खरा बिवळा ओळखायचा तर स्वच्छ काचेच्या ग्लासात पाणी आणि लाकडाचा तुकडा घाला. तासाभरात पाणी तांबूस होतं आणि उन्हात आडवं धरलं की निळसर झाक मारतं. नुसता लाल रंग उतरला आणि झाक नाही, तर रंगवलेलं लाकूड समजा. पाणी आठ-दहा तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पेला रोज उपडा करून वाळवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला आतून बुरशी धरते. रंग उतरायचा थांबला की पेल्याचं काम संपलं. नव्यानं काठावर आलेल्यांनी पथ्याच्या जोडीला हे करून बघायला हरकत नाही. एचबीएवनसी ९-१० असलेल्यांनी यावर थांबू नये.

बाजारातून शुगरचं चूर्ण आणलं. चार दिवसांत साखर २८० वरून १३० वर आली. गोळी बंद केली तर चालेल का?
— वाचक, अथणी

चूर्णच बंद करा. कोणत्याही पाल्याची पूड चार दिवसांत १५० चा उतार देत नाही. इतका झपाट्याचा गुण आला की त्यात ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगरची गोळी वाटून घातलेली असण्याचा संशय घ्यायचा. तुमची गोळी आणि वर ही लपलेली गोळी, अशानं पहाटे साखर खाली जाते आणि माणूस झोपेतून उठत नाही. पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढचे दोन दिवस झोपताना आणि पहाटे साखर मोजा.

पाकिटावर ‘आयुर्वेदिक औषध’, लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख आणि प्रत्येक घटकाचं वजन छापलेलं नसेल तर घ्यायचंच नाही. ‘मधुमेह मुळापासून बरा’ किंवा ‘कॅन्सरवर हमखास’ अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्यानं गुन्हा आहे. दोन्ही रोग त्या यादीत आहेत. जिथे विकत घेतलं तिथल्या राज्याच्या औषध नियंत्रण विभागाकडे तक्रार करता येते. भस्म असलेल्या औषधात आणखी एक धोका : अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेऊन तपासलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांत पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आयुर्वेदावर विश्वास असेल तर शिकलेल्या वैद्यांकडे जा. शहापूरला आयुर्वेद महाविद्यालयाचा दवाखाना आहे, आणि पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्थाही बेळगावच्या नेहरूनगरातच आहे. बाजारात चादर अंथरून बसलेल्या माणसाकडून कशाला?

मेटफॉर्मिनही झाडापासूनच आली आणि ती कॅन्सरही टाळते, असं वाचलं. शुगर नसताना घ्यावी का?
— वाचक, टिळकवाडी

झाडापासून आली हे खरं. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या शेंगवर्गी झाडातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्या जवळपासच्या घडणीचं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. कॅन्सरची आशा २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून लागली : मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कॅन्सर कमी दिसला. मग खरी परीक्षा झाली. स्तनाच्या कॅन्सरच्या, मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांत पाच वर्षं मेटफॉर्मिन किंवा खोटी गोळी दिली; २०२२ मध्ये निकाल आला, कॅन्सर परतण्यात फरक नाही. तेव्हा शुगर नसेल तर कॅन्सरसाठी म्हणून घेऊ नका. शुगर असेल तर चालू ठेवा, आणि बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या.

दोन रोगांचं नातं मात्र आहे. टाइप २ मधुमेहात यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट धरतात. आतडं, स्तन, मूत्राशय यांचा त्याहून कमी, पण वाढलेला. वाढलेलं वजन आणि रक्तात सतत जास्त राहणारं इन्सुलिन ही त्यातली मोठी कारणं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर शुगर असलेल्या बाईनं महिनाभर वाट बघू नये.

जांभळाच्या बियांची पूड घरी करतो. पावसाळ्यात तिला वास येतो. चालते का?
— वाचक, लोंढा

वास आला की टाकायची. जांभळं येतात पावसाच्या तोंडावर, बिया नीट वाळत नाहीत आणि बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडतात, आणि ते यकृताच्या कॅन्सरचं ओळखीचं कारण आहे. भाजून किंवा उकळून जात नाही. बिया त्याच दिवशी धुवा, गर राहू देऊ नका. ऊन नसेल तर चुलीच्या वरच्या फळीवर वाळवा. बी दोन दगडांत कट्कन फुटली पाहिजे, दबली तर ओली आहे. वरचं टरफल काढून आतला गर दळा, एका वेळी महिन्याची पूड करा, बाकी बिया अख्ख्या ठेवा. मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. साखरेवर गुण सौम्य, म्हणून कुजकी पूड खाण्याचं काहीच कारण नाही.

तंबाखूच्या वखारीत काम करते. मशेरी लावते. शुगर आहे. गालाच्या आतून पांढरा चट्टा आला आहे. हळद आणि तूप लावते आहे, कोणता पाला चांगला?
— वाचक, निपाणी

ताई, पाला शोधू नका, चट्टा दाखवा. शुगर वाढलेली असली की तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो. तो ओल्या स्वच्छ कापडानं पुसला तर निघतो, खाली लाल कातडं दिसतं, आणि औषधानं तो बरा होतो. तंबाखूचा चट्टा पुसून निघत नाही. त्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. हळदीनं तो पिवळा होतो आणि डॉक्टरांना नीट दिसत नाही, म्हणून तपासणीच्या दोन दिवस आधीपासून काही लावू नका. तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, चट्ट्यात लाल भाग असेल, गाठ लागत असेल किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर तुकडा काढून तपासावाच लागतो. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही.

दात-तोंडाच्या कोणत्याही डॉक्टरांकडे किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जा, जाताना शुगरची वही न्या. मशेरी आजपासून बंद. अंगाला सवय असते, पहिले चार-पाच दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. लवंग किंवा बडीशेप तोंडात ठेवा, आणि जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन लावा, पैसे पडत नाहीत. वखारीतून आल्यावर जेवायच्या आधी हात साबणानं धुवा.